तार षड्जानंतर

“पंखा बंद करा,” सरिताबाई म्हणाल्या.

साकेतने निमूटपणे बटण दाबलं, खिडकीही लावून घेतली. हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्याच्या या माडीवरच्या दुकानात महागडे हेडफोन बघायला येणारी मंडळी बहुतेक तरुण असत. धडाडधूम काहीतरी लावायचं, माना हलवायच्या आणि भाव विचारायचा. या साठीच्या बाई मात्र सकाळपासून एकच तुकडा ऐकत होत्या. जुनं गाणं, तेही मधलंच, पुन्हा पुन्हा तेवढंच. शेजारी त्यांची लेक पल्लवी बसली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

तुकडा धारवाडच्या एका मैफलीतला होता. गाणारे बाळाचार्य, म्हणजे सरिताबाईंचे गुरुजी. तेव्हा विशीतल्या सरिताबाई त्यांच्या मागे तंबोऱ्याला बसल्या होत्या. रंगात आलेल्या गुरुजींनी हात मागे करून त्यांना गायची खूण केली. त्यांनी आलाप घेतला आणि तार षड्जावर जाऊन थांबल्या. तिथून गुरुजी उचलणार, असाच रिवाज. गुरुजींनी उचललं नाही. नुसता ठेका चालत राहिला आणि बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा मुखडा धरला. पाठमोऱ्या गुरुजींचा चेहरा दिसायला मार्ग नव्हता. शिष्याने विचारायचं नाही आणि गुरूने तोंडावर बरंवाईट बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. आपला सूर खाली गेला, असं सरिताबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या शिकायला गेल्या नाहीत. पुढे लग्न होऊन त्या हुबळीला आल्या, गुरुजी वारले, आणि तंबोरा काही गवसणीतून बाहेर आला नाही.

आता पल्लवीची मुलगी गाणं शिकायचं म्हणून हटून बसली होती, आणि तेही आजीकडेच. “जिच्या सुरावर गुरुजी गप्प झाले, तिनं कुणाला काय शिकवायचं?” एवढं एकच उत्तर तिला मिळत होतं. अशात कुणा जुन्या रसिकाच्या कपाटात त्या मैफलीची कॅसेट निघाली. त्या रसिकाच्या मुलाने त्यातलं गाणं फोनवर पाठवून दिलं. पण फोनवर सूर धड कळेना. तेव्हा सरिताबाईंनीच अट घातली. चांगल्यातला चांगला हेडफोन घ्यायचा आणि चूक स्वतःच्या कानांनी ऐकायची. सूर खाली निघाला, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

साकेतने दिलेला पहिला हेडफोन त्यांनी लगेच उतरवला. “डग्गा फुगलाय हो यात.” दुसऱ्यात तंबोऱ्याची जवारी छान खुलली, पण कॅसेटची खरखरही कानात घुसली. तिसरा मोठा होता, दोन्ही बाजूंना नुसती जाळी. तो फोनला जोडला तर आवाज अगदीच मरगळलेला आला.

“ह्याला फोन पुरत नाही, अक्का. ॲम्प्लिफायर लागतो की,” असं म्हणून साकेतने आपला लाडका, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पुढे केला. व्हॉल्व्ह तांबूस उजळले. सरिताबाईंचा तरुणपणीचा आवाज असा काही मधाळ झाला की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पल्लवीला वाटलं, सुटलो. पण सरिताबाईंनी मान हलवली.

“हा गोड करतोय. मला माझं कौतुक ऐकायचं नाही. आहे ते दाखवणारा आणा.”

साकेत जरा हिरमुसला. मग त्याने खालच्या कप्प्यातला दुसरा ॲम्प्लिफायर, एक काळा, बिनशोभेचा डबा, काढून जोडला. हेडफोनच्या जाळीतून बाहेरचा आवाज आत येत होता, म्हणून आता पंखा आणि खिडकी बंद झाली होती.

आलाप सुरू झाला. ना गोड, ना कडू. सरिताबाईंनी डोळे मिटले. एकेका सुराला त्यांची पाठ ताठ होत गेली. तार षड्ज आला. त्या श्वास धरून बसल्या. सूर खाली नव्हता, वरही नव्हता. जिथे हवा तिथेच तो लागला होता आणि टिकला होता.

पल्लवीने आनंदाने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. सूर बरोबर होता, तर मग गुरुजी गप्प का झाले? आता तर त्यांना चैन पडेना.

“पुन्हा लावा. षड्ज संपल्यापासून. आवाज वाढवा.”

या खेपेला त्यांनी स्वतःला ऐकलंच नाही. ठेका ऐकला. ठेक्याच्या खाली, गुरुजींच्या पुढ्यातल्या माइकशी, कुणीतरी हळूच बोललं होतं. त्या संध्याकाळी त्यांचा कान तंबोऱ्याला टेकलेला होता. तंबोऱ्याला कान लावून बसलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार?

त्यांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

“हाच बांधून द्या, डब्यासकट,” त्या साकेतला म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. “पोरीला उद्यापासून माझ्यापुढं बसव.”

“म्हणजे चूक नव्हतीच ना, आई?”

“होती की. सापडली.” सरिताबाईंनी मांडीवरच्या हेडफोनवर हात ठेवला. “‘तडी, आकी हाड्ली,’ म्हणतायत गुरुजी तबलजीला, कानडीत. थांब, तिला गाऊ दे म्हणतायत. आणि मी आपली तंबोरा छेडत गप्प बसले.”