पट्टीने निवडलेला आवाज

दुपारी त्र्यंबकरावांची छाती धडधडू लागली, तसा त्यांच्या मनगटावरच्या नाडी मोजणाऱ्या पट्टीने पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या हेमलताबाईंनाच फोन लावला. शेजारी बसलेल्या वत्सलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या आवाजाने म्हाताऱ्याची नाडी शांत होते, तो आवाज पट्टी स्वतःच शोधून काढत असे. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला तिने पहिल्याच आठवड्यात वगळलं होतं.

"भावजी, घाबरू नका. सावकाश श्वास घ्या," पट्टीतून गोड आवाज आला. नाडीचा आकडा एकशे चाळीसवरून उतरू लागला.

"मी काय मेलेय इथं?" वत्सलाबाई कडाडल्या.

आकडा झर्रकन एकशे साठवर गेला. त्र्यंबकरावांचे ओठ पांढरे पडले.

वत्सलाबाई चरकल्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, नवऱ्याचा हात घट्ट पकडला आणि त्या बाईचा एकेक शब्द मुकाट्याने ऐकून घेतला. दहा मिनिटांनी आकडा ऐंशीवर आला आणि फोन बंद झाला.

"तू का गप्प? बोल ना काहीतरी," त्र्यंबकराव म्हणाले.

"उद्या तिला चहाला बोलावू नका," वत्सलाबाई त्यांच्या कानाशी अगदी हळू पुटपुटल्या.

आकडा ऐंशीवरच राहिला.