चढी पट्टी

गिटारच्या तारा आवळून धरणारा चिमटा हिलारियोने दांडीवर आणखी एक पडदा वर सरकवला. तिथे पडदे जवळजवळ असतात, त्याची आखडलेली बोटं फार ताणावी लागत नाहीत. पट्टी तेवढी चढते. पण गायचं काम त्याचं नव्हतं, एन्कार्ना मावशीचं होतं.

"आज तुझा आवाज मोकळा लागलाय, मावशी," असं तो गेला हिवाळाभर प्रत्येक मैफलीआधी म्हणत आला होता. मावशी नुसती मान डोलवायची, शेरी वाइनचा एक घोट घ्यायची आणि गायला बसायची.

आज वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला तो फाटलाच. हेरेस गावची माणसं गाण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाहीत.

"म्हातारीचा गळा गेला रे! आता घरी बस आणि नातवंडं झोपव!" मागून एकजण ओरडला आणि हशा पिकला. मग तोच पुढे येऊन हिलारियोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू मात्र झकास वाजवलंस हां. तिला सांभाळून घेतलंस."

खरं सांगायला हिलारियोने तोंड उघडलं. "चालायचंच," एवढंच बाहेर पडलं.

मावशी शेजारीच बसली होती. तिने त्याचा डावा हात आपल्या शालीखाली ओढून घेतला आणि वाकडी बोटं एकेक करून चोळायला लागली.

"पुढच्या खेपेला अजून एक पडदा वर लाव," ती बसक्या आवाजात म्हणाली. "आज वाजवताना फार कण्हत होतास."