मानेवरच्या वळ्या

“या मानेला हात लावावासा वाटतो,” हैदराबादचा दिग्दर्शक पडद्यावरून म्हणाला, आणि दैवशालानं मान खाली घातली.

शेजारच्या पडद्यावर त्याच्या सिनेमातलं डोहातलं जनावर हळूहळू फिरत होतं. तोंड रेड्याचं, अंग सुसरीचं. संगणकावर घडवलेलं, जगात कुठंच नसलेलं. तरी मान वळली की कातडीच्या वळ्या एकमेकींवर चढत होत्या आणि खाचांत ओल साचल्यासारखी दिसत होती. ती ओल दैवशालाची होती. रंग तिचा, चमक तिची, कानामागचा कोवळा गुलाबीपणाही तिचाच. वळ्या मात्र हरिओमच्या.

“घनसावंगीचा पोरगा आहे,” स्टुडिओचे मालक रामप्रसाद सर कौतुकानं म्हणाले.

“काय नजर आहे त्याची,” दिग्दर्शक म्हणाला.

रंगाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

जालन्यातल्या या दोन खोल्यांच्या स्टुडिओत दैवशालाला अकरा वर्षं झाली होती. संगणकातल्या जनावरांना कातडी चढवायची, हे तिचं काम. आधी उठाव करायचा, म्हणजे छिद्रं, सुरकुत्या, खवले, सगळं करड्या रंगात. मग त्यावर रंग भरायचे. पूर्वी दोन्ही तीच करायची. दीड वर्षापूर्वी सरांनी उठाव हरिओमकडं दिला, आणि तिच्याकडं नुसते रंग राहिले.

हरिओमला स्टुडिओत कुणी पाहिलेलं नव्हतं. तो जालन्याला येत नसे, व्हिडिओवरही येत नसे. फायली त्याची बहीण तृप्ती पाठवायची. या जनावराच्या वेळी दैवशालानं त्याला सुसरीचे आणि रेड्यांचे चाळीस फोटो धाडले, तर त्याचा फोन आला.

“फोटो नको ताई. जनावर सांगा. पाण्यात किती वेळ राहतं? उन्हात पडतं का? मान कुणीकडं जास्त वळवतं?”

“फोटोत दिसतंय की सगळं.”

“तुम्हीच सांगा. तुमचं सांगणं बराबर असतं.”

तिला ती घमेंड वाटली. तरी तिनं सांगितलं, चांगली वीस मिनिटं. आठवड्यानं फाइल आली, तेव्हा तिनं सांगितलेलं सगळं त्या मानेत होतं आणि न सांगितलेलंही होतं. तिनं घरी बसून तसंच करायचा प्रयत्न केला. स्वतःचं कोपर आरशात बघून सुरकुत्या काढल्या. चुरगाळलेल्या कागदासारख्या दिसल्या. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

अखेरचं काम हैदराबादला जायचं होतं त्या दुपारी सगळे डबे खायला आतल्या खोलीत गेले. दैवशाला मागं राहिली. तिनं हरिओमची फाइल उघडली आणि मानेवरच्या वळ्या थोड्या थोड्या पुसल्या. फार नाही. पाच मिनिटांचं काम.

तिसऱ्या दिवशी हैदराबादहून उत्तर आलं. मान मेणाची वाटते, शेवटच्या घाईत कुणीतरी काम बिघडवलंय.

सरांनी सगळ्यांसमोर हरिओमला फोन लावला. काय बिघडलं ते सांगितलं.

“माझ्याकडून तशी गेल्ती असं वाटत न्हाई सर,” तो म्हणाला. “पण तुम्ही सगळे म्हणताय, मंग असंल.”

तो भांडला नाही, याचा दैवशालाला आणखी राग आला. सरांनी त्याचं काम त्याच दिवशी बंद केलं. उठाव आणि रंग, दोन्ही पुन्हा तिच्याकडं आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“त्याच्याकडं मूळ नमुने आहेत म्हणे,” सर म्हणाले. “ते आणायला कुणाला तरी धाडावं लागंल.”

“मी जाते,” ती लगेच म्हणाली. ज्याच्यावर आपण दीड वर्ष जळत राहिलो, त्याचं पडलेलं तोंड तरी एकदा बघावं, असं तिला वाटत होतं.

अंबडपर्यंत बस आणि पुढं घनसावंगीला जीप. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागं जीप अर्धा तास अडकली, तेव्हा त्याला काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून घेतलं.

तृप्तीनं दार उघडलं. ओसरीत मातीच्या पाट्या ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. वीस-पंचवीस असतील. एकीवर खवले, एकीवर फाटलेल्या कानाची कड. एकीवर तीच मान होती, प्रत्येक वळी शाबूत. दैवशालाला हायसं वाटलं.

“म्हणजे म्हशी-रेड्यांवरून साचे काढता तुम्ही,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं. ही तर नक्कल झाली.”

“साचे न्हाईत ताई,” तृप्ती म्हणाली. “बोटांनी करतो तो. एकेका पाटीला चार-चार दिवस बसून राह्यतो. वाळली की मी मोबाइलवर चहूबाजूंनी फोटो काढून उतरवून घेते अन् तुम्हाला धाडते.”

“घरी संगणक नाही?”

“माझा हाय की. त्याला काय करायचा?”

आतून हरिओमचा आवाज आला. “दैवशालाताई आल्या का? आवाजावरून वळखलं मी.”

तो भिंतीला धरून बाहेर आला. पंचविशीचा, स्वच्छ धुतलेला शर्ट, नखांत माती. तोंड पडलेलं नव्हतं. उलट ती आल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. त्यानं वाकून पाट्यांवरून हात फिरवत मानेची पाटी शोधली, उचलली आणि तिच्यापुढं धरली. पण ती उभी होती तिथून जरा डावीकडं.

“बरं झालं तुम्हीच आल्या,” तो म्हणाला. “मला तर जन्मापासून दिसत न्हाई ताई. तुम्ही नीट बघून सांगा, मान माझ्याच हातून बिघडली होती का?”