डीच्या बाहेरून

"बॉल डीच्या बाहेरूनच मारला होता, देवाजी. मी माह्या डोळ्यानं पाह्यला," मधुसूदनराव म्हणाले आणि सवयीने भुवईवरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवू लागले.

धंतोलीच्या दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या देवाजींनी मान वळवली.

पन्नास वर्षांपूर्वी राष्ट्रीय हॉकी स्पर्धेत त्यांचा संघ पहिल्यांदा आणि शेवटचा अंतिम फेरीत पोचला होता. डी म्हणजे गोलासमोरचं अर्धवर्तुळ. त्याच्या बाहेरून मारलेला चेंडू थेट गोलात गेला, तरी गोल धरत नाहीत. जाणता गोलकीपर अशा वेळी पायसुद्धा हलवत नाही. देवाजींनी हलवला नाही. पंचांनी गोल दिला, आणि गावाने देवाजी विकला गेला म्हणून सांगितलं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यांनी पुन्हा स्टिक धरली नाही.

परवा स्पर्धेच्या इतिहासावर पेपरात लेख आला. देवाजींच्या वाट्याला त्यात एकच वाक्य होतं: गोलकीपर खांबासारखा उभा राहिला. तेव्हापासून त्यांनी जेवण सोडलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून डोकं कधी जाग्यावर असे, कधी नसे. ही एक गोष्ट मात्र जाता जाईना. शेवटी इंदूबाईंनी नंदनवनला राहणाऱ्या मधुसूदनरावांना फोन केला. नवऱ्याच्या संघातले ते फुलबॅक, गोलाच्या सगळ्यात जवळ खेळणारे.

"इतके वर्ष काहून नाही बोलला गा?" देवाजींनी विचारलं.

"पंचाच्या विरोधात बोललो असतो तं मलेच काढलं असतं. भ्यालो मी."

देवाजींची नजर त्यांच्या भुवईवर गेली. मग त्यांनी मित्राचा हात धरला.

"बरं केलं आला. सुटलो मी, मधू."

मधुसूदनरावांना रडू आवरेना. रुमालात तोंड खुपसूनच ते जिना उतरले. म्हातारं माणूस असं रडलं की बघवत नाही.

इंदूबाईंनी पेजेची वाटी पुढे केली. देवाजींनी दोन चमचे घेतले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता तं शांती भेटली ना तुमाले?"

"त्याले भेटली," देवाजी म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. "गोल झाला तेव्हा मधू मैदानावर नव्हताच वं. भुवई फुटली म्हणून त्याले आधीच दवाखान्यात नेलं होतं."