भरलेल्या टाकीचं वजन

"मोठीच द्या," तो म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. ती दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून श्वास जमवत होती. दारापासून खुर्चीपर्यंत आली, तेवढ्यानेच तिला धाप लागली होती.

"लहान बघू आधी," ती म्हणाली.

प्रोपेन गॅसच्या दोन टाक्या फरशीवर उभ्या होत्या. एक पाच किलोची, एक अकरा किलोची. शेजारी त्यांनी पसंत केलेली शेकोटी, कुठेही उचलून नेता येईल अशी, घमेल्याएवढी. मागच्या अंगणात लाकडं पेटवून बसायची दोघांची जुनी सवय. त्या उबेने त्याची पाठही मोकळी व्हायची. पण धूर तिच्या छातीला सोसेना, म्हणून गेल्या वर्षी ते बंद पडलं. या थंडीत गॅसच्या शेकोटीचं तिनेच काढलं. तो लगेच तयार झाला. अलीकडे तिने काही मागितलंच नव्हतं.

टाकी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला दुकानदार जे विचारायचा, ते त्याने यांनाही विचारलं. रोज किती वेळ पेटवणार, आणि अशा किती संध्याकाळी?

नवऱ्याने मोठ्या टाकीवर हात ठेवला. परवाच डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, थंडी सरेपर्यंतचं बोलू, त्यापुढचं नको. हे तिला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तेव्हापासून तो घरात सारखा पुढच्या वर्षाचंच बोलत होता. पुढच्या वर्षी भिंतींना रंग देऊ. पुढच्या वर्षी लेकीकडे महिनाभर राहू. मोठी टाकी हीसुद्धा त्यातलीच. लहान टाकी घेणं म्हणजे डॉक्टरांच्या म्हणण्याला मान डोलावणं.

"पुष्कळ," तो शेवटी म्हणाला. "ही थंडी आहे, पुढची आहे. सारखं कोण भरून आणणार?"

"ह्यांना कलिंगडसुद्धा मोठंच लागतं," ती दुकानदाराला म्हणाली. "मग निम्मं नासतं."

दुकानदार हसला. मग त्याने नीट समजावलं. लहान टाकीवर मोठी ज्योत ठेवली, तर गॅस भराभर निघतो. टाकी गारठते, बाहेरून बर्फ धरते आणि आग मंदावते. दोघांना ऊब हवी असेल, तर मोठीच बरी. लहान टाकी बारीक ज्योतीवर छान चालते. पण तेवढ्यावर जेमतेम एक माणूस शेकतो.

"ऐकलंस?" तो म्हणाला. त्याला जिंकल्यासारखं वाटलं.

मोठी उचलायला किती भरते, असं तिने विचारलं. अकरा किलो, टाकीवरच लिहिलंय की, असं तो म्हणाला. दुकानदाराने मान हलवली. अकरा किलो नुसता गॅस. वर लोखंड तेवढंच, थोडं जास्तच.

"उचला बघू," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरातलं जड ते सगळं, छाती धरेपर्यंत, ती उचलत आली होती. धान्याची पोती, भरल्या बादल्या, प्रवासातल्या बॅगा. तो दार धरून उभा राहायचा. कुणी बघत राहिलं, की ती म्हणायची, घरचा हमाल आहे, भाडं पडत नाही. दोन दिवस तो टाक्यांचा विचार करत होता. पण टाकी उचलणार कोण, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. वजन हे खातं तिचं होतं.

तो वाकला. टाकी बोटभर उठली आणि फरशीवर आदळली. तो कमरेवर हात ठेवून तसाच थांबला. आपण दोघं मिळून नेऊ की, असं काहीसं पुटपुटला. तिने लहान टाकीकडे बोट दाखवलं.

ती त्याला उचलता आली.

"दारापर्यंत जाऊन या."

नवे बूट घालून चालून दाखवणाऱ्या मुलासारखा तो दारापर्यंत गेला आणि परत आला. ती टाकीकडे बघतच नव्हती. ती त्याच्या कमरेकडे आणि पावलांकडे बघत होती.

त्याने टाकी खाली ठेवली. दुकानदाराला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिच्याजवळ वाकला.

"अगं, पण ही दोघांना पुरायची नाही."

तिने त्याच्या बाहीला लागलेली धूळ झटकली. मग दुकानदाराकडे वळली.

"हीच द्या," ती म्हणाली. "आणि ज्योत बारीक कशी ठेवायची, तेवढं ह्यांना दाखवून ठेवा."