एकावर एक

"बूट असे एकावर एक ठेवू नयेत ताई, प्रवास घडतो," म्हणत शकूताईंनी माझे बूट सरळ केले. चालून पाय भरून आले होते, म्हणून वाईत एक दिवस थांबायला मी त्यांच्याकडे खोली घेतली होती.

"घडतोच आहे. कृष्णाकाठानं पायी महाबळेश्वरला निघालेय."

"एकट्याच? घरातले सोडतात होय?"

"अडवायला कुणी नाहीच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात आतून त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या यजमानांनी हाक मारली आणि "आले, आले" करत त्या गेल्या. त्यांना माझी कीव आली असावी.

मी सपाता अडकवून घाटावर जाऊन बसले. चालताना एकटेपण जाणवत नाही. थांबलं की मात्र दिवस सरत नाही. बायका घोळक्यानं आल्या, गणपतीचं दर्शन घेऊन हसत परतल्या. माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून दिवेलागण झाली तरी उठले नाही.

परतले तेव्हा आतून तीच हाक आणि तेच "आले, आले" ऐकू येत होतं. उंबऱ्याशी माझे बूट नीट मांडलेले होते. पलीकडे शकूताईंच्या चपला होत्या. स्वच्छ पुसून, एकीवर एक ठेवलेल्या.