छत्री कुठली, साहेबजी?

“छत्री कुठली, साहेबजी?”

बसंत कौरने मतपत्रिका अगदी नाकाशी नेली. बाहेर धुकं होतं, तसंच मोतीबिंदूने तिच्या डोळ्यांत.

केंद्राध्यक्ष दिगंबर कुलथ्यांनी कागदावर बोट टेकवलं. “वरची छत्री, तुमच्या लेकाची, बलकारची. खालची बैलगाडी, सरपंच जागीर सिंगांची.”

“वरची छत्री,” जात्यावर ओवी घोळवावी तसं ती पुटपुटली. “पक्कं ना?”

“पक्कं.”

“सुनेला घेऊन जा की आत, बेबे,” रांगेतून कुणी म्हणालं.

“एवढं तरी माझं मला करू दे,” म्हणत ती काठी टेकत पडद्याआड गेली.

दिगंबरांना गलबलून आलं. आईच ती!

चंदीगडच्या वेशीवरचं हे गाव. सकाळी क्वार्टरमधून निघताना रत्नप्रभाने पोळीभाजीचा डबा हातात देत बजावलं होतं, “मतं मोजा नाहीतर नका मोजू, धडपणे घरी या!” तिचं काही चुकत नव्हतं. पलीकडच्या गावात नवा सरपंच निवडून आला, आणि गळ्यातला हार सुकायच्या आत मोहरीच्या शेतात गोळ्या लागून पडला. म्हणून तर शाळेला पोलिसांचा वेढा आणि रांग अशी विरळ.

जागीर सिंग बाजेवर चहा पीत होता, मागे दोन बंदूकधारी. “यंदाही आम्हीच, जी. दुसरं आहे कोण?”

दुसरा सायकलवरून दारोदार हिंडत होता. “चाचा, चला. घाबरून किती दिवस बसणार?” थोरला भाऊ गेल्यावर घरात बलकार एकटाच पुरुष उरला होता. त्याच्या शब्दावर काही दारं उघडलीही.

दिवस कलताना मोजणी झाली. पुन्हा झाली. छत्री एका मताने पडली.

बाहेर ढोल वाजू लागला. बलकारने आईच्या मांडीत डोकं खुपसलं. “एकच मत गं, बेबे! कोण फिरलं?”

ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, लेकराचा ताप उतरल्यावर फिरवावा तसा. तो डोळे पुसून सायकल आणायला गेला.

दिगंबर जवळ आले. “माताजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून केलंत.”

तिने त्यांचा हात कपाळाला लावला.

“भलं होवो तुमचं, साहेबजी. तुम्ही छत्री नीट दाखवलीत. नाहीतर या मेल्या डोळ्यांनी माझा शिक्का चुकून तिच्यावरच पडला असता.”